खडकीतल्या कॅसेटी: दूरदर्शनवरील हॉकीच्या एका घरगुती संग्रहाचे प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या खडकी भागातील एका घराच्या माळ्यावर सापडलेल्या व्हीएचएस कॅसेटींचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम, निर्णय आणि चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत. या कामात मी सूची करण्यासाठी सहभागी झालो होतो, त्यामुळे पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांतील काही माझ्याही पदरात पडतात.

पार्श्वभूमी

खडकी म्हटले की छावणी, दारूगोळा कारखाना आणि हॉकी या तीन गोष्टी एका दमात आठवतात. धनराज पिल्ले याच वस्तीतून पुढे आले आणि १९९२ ते २००४ या काळात सलग चार ऑलिंपिक खेळले. त्यांच्या आधीच्या पिढीत, कोणत्याही संघाच्या यादीत नाव न आलेले पण संध्याकाळ मैदानावर घालवणारे शेकडो लोक येथे होते. आमचे संग्राहक त्यांपैकी एक. त्यांना येथे ‘काका’ म्हणतो, कारण आमच्या हॉकीप्रेमींच्या मंडळात सगळे त्यांना तसेच म्हणत. तरुणपणी ते हाफ-बॅक म्हणून खेळत, गुडघा गेल्यावर पंचगिरी करू लागले आणि १९८५ साली मेहुण्याने मस्कतहून व्हीसीआर आणून दिल्यावर त्यांना तिसरा छंद लागला, तो म्हणजे दूरदर्शनवर दिसेल तो हॉकीचा सामना मुद्रित करून ठेवणे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकरांच्याही घरात ते दिसू लागले. पुढची बरीच वर्षे या घरांमध्ये टीव्ही म्हणजे हेच एक केंद्र होते. संध्याकाळच्या मराठी बातम्या, प्रदीप भिडे किंवा अनंत भावे यांचा आवाज, हरवलेल्या व्यक्तींची छायाचित्रे दाखवणारे ‘आपण यांना पाहिलंत का?’, आणि अधूनमधून पडद्यावर स्थिर होणारी, व्यत्ययाबद्दल दिलगिरी व्यक्त करणारी पाटी हा सगळा एकाच ताटातला स्वयंपाक होता आणि हॉकी त्यातच वाढली जाई. आज ज्याला आपण ‘क्रीडा वाहिनी’ म्हणतो तशी हॉकीची वेगळी चूल नव्हती.

या पिढीच्या हॉकीच्या आठवणींना एक विचित्र वळण आहे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरमध्ये भारताने पाकिस्तानला २–१ असे हरवून विश्वचषक जिंकला, तो त्यांनी आकाशवाणीवर जसदेव सिंग यांच्या आवाजात ऐकला. पुढे १ डिसेंबर १९८२ रोजी, रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले असताना, दिल्लीतील एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७–१ असा धुव्वा उडवला, आणि तो सामना शेजारच्या घरी गर्दी करून त्यांनी डोळ्यांनी पाहिला. विजय ऐकलेला आणि पराभव पाहिलेला, अशी ही पिढी आहे. त्यामुळे जुन्या प्रक्षेपणांविषयीची त्यांची ओढ केवळ अभिमानाची नाही. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना त्या पराभवानंतर जे सोसावे लागले त्याची बोच अजूनही काहींच्या बोलण्यात येते, आणि ‘नेमके काय झाले होते ते पुन्हा एकदा नीट बघायचे आहे’ ही इच्छा या प्रकरणाच्या मुळाशी होती.

अडचण

काका २०१९ मध्ये गेले. घर पुनर्विकासासाठी २०२१ च्या दिवाळीपूर्वी रिकामे करून द्यायचे होते. त्यांची एकुलती कन्या बंगळुरूला असते. तिच्या हाताशी सहा आठवडे होते. माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका आणि एक खोके निघाले. त्यांत कॅसेटी होत्या आणि बहुतेकांवरची लेबले सुटून तळाशी पडली होती. तीन पावसाळे कोणी झाकण उघडले नव्हते. कॅसेटीच्या खिडकीतून पाहिले की काळ्या फितीच्या कडेवर पिठासारखा पांढरट थर दिसत होता. ती बुरशी होती.

आम्हाला बोलावण्यापूर्वी तिने एक गोष्ट करून टाकली होती. वर असलेल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ अशा सात कॅसेटी तिने जवळच्या एका दुकानात डीव्हीडी करून घेण्यासाठी दिल्या. दुकानदाराने आठवड्याभरात सात चकत्या दिल्या आणि विचारले, ‘मॅडम, कॅसेटींचं काय करायचं?’ तिने साहजिकच सांगितले की आता त्या ठेवून काय उपयोग, टाकून द्या. चकत्यांवर फक्त सामने होते. मागचे-पुढचे सगळे दुकानदाराने चांगुलपणाने कापले होते. शिवाय चेंडू दिसत नव्हता. हे शेवटचे वाक्य थोडे समजावून सांगावे लागेल, ते पुढे येईलच.

दरम्यान बातमी मंडळात पोहोचली आणि प्रत्येकाची मागणी वेगळी निघाली. कन्येला वडिलांची आठवण हवी होती. जुन्या खेळाडूंना सामने हवे होते. एका उत्साही सभासदाला ते सगळे इंटरनेटवर टाकायचे होते. आणि जवळजवळ सर्वांना खात्री होती की काकांकडे ब्याऐंशीची फायनल आहे. एका निवृत्त पंचांनी तर ती कॅसेट स्वतः हातात घेतल्याचे सांगितले. ‘अहो, लेबलवर बॉलपेननं ब्याऐंशी लिहिलं होतं, मी पाहिलंय ना!’

कोणते पर्याय विचारात घेतले

पहिला पर्याय सर्वच्या सर्व कॅसेटी एखाद्या व्यावसायिक स्टुडिओकडे देण्याचा होता. त्यात वेळ वाचला असता. परंतु ज्या दोन ठिकाणी चौकशी केली त्यांनी बुरशी असलेली फीत आपल्या यंत्रात घालण्यास नकार दिला, आणि तो नकार रास्त होता. बुरशीचे कण व्हीसीआरच्या फिरत्या हेडवर बसतात, चित्र पुसट होते आणि पुढे घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला तीच लागण होते.

दुसरा पर्याय निवडक कॅसेटींचाच होता. महत्त्वाचे दहा-बारा सामने वाचवायचे आणि बाकीच्यांचा मोह सोडायचा. घर रिकामे करण्याची तारीख पाहता तो सर्वांत व्यवहार्य वाटत होता आणि मीही आरंभी त्याच बाजूचा होतो. त्याच्या विरोधात एकच मुद्दा होता, पण तो वजनदार ठरला. लेबलांशिवाय महत्त्वाची कॅसेट कोणती हे ठरवणार कसे?

संग्रह जसाच्या तसा एखाद्या संस्थेला सोपवावा, हाही विचार झाला. पण सूची नसलेल्या, बुरशी आलेल्या, घरगुती मुद्रणाच्या ट्रंका कोणी कशाच्या आधारावर स्वीकाराव्यात, हा प्रश्न आम्हीच स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेना. म्हणून उरला तो चौथा मार्ग, कॅसेटी एका सभासदाच्या कोरड्या खोलीत हलवून स्वतःच सावकाश काम करण्याचा. घराची तारीख आणि कॅसेटींची तारीख वेगळी करता येते, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात यायला दोन बैठका गेल्या.

कायद्याचा प्रश्न त्याच वेळी पुढे आला. एका वकील स्नेह्यांनी जे समजावले ते असे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेचा आपल्या प्रसारणावरील हक्क, प्रसारण झालेल्या वर्षाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षे टिकतो. म्हणजे १९८८ च्या प्रक्षेपणावरील हा विशिष्ट हक्क २०१३ अखेर संपला, तर १९९८ च्या प्रक्षेपणावरील २०२३ अखेरपर्यंत चालू राहणार होता. कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन किंवा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला संरक्षण देते, त्यामुळे काकांनी घरी केलेले मुद्रण हा काही गुन्हा नव्हता. परंतु सामन्याचे चित्रण संस्थेने मुद्रित केले असेल तर ते चित्रपटासारखी स्वतंत्र कृती मानले जाऊ शकते आणि तिचा प्रताधिकार ६० वर्षांचा असतो. जाहिरातींतील गाण्यांचे हक्क तर आणखी कोणाकडे. थोडक्यात, जतनासाठी प्रत करणे आणि ती जगाला वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी थांबण्याचे कारण नव्हते. उत्साही सभासदाला हे पटले नाही. त्याचे म्हणणे होते की ज्या संस्थेने दाखवले तिच्याकडेच कदाचित हे आता नसेल, मग अडवणार कोण? भावना समजण्यासारखी आहे, पण असलेल्या हक्काचा आणि नसलेल्या प्रतीचा तसा संबंध नाही.

प्रत्यक्षात काय केले

प्रथम सगळ्या कॅसेटी उभ्या ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद खोक्यांत तीन आठवडे सुकवल्या. नंतर गच्चीच्या खोलीत, तोंडाला मास्क लावून, एकेक कॅसेट उघडली. व्हीएचएसच्या कवचाला मागच्या बाजूने पाच स्क्रू असतात. ते काढले की दोन्ही चकऱ्या मोकळ्या होतात. एका जुन्या रिवाइंडरचे झाकण काढून त्यात फितीच्या दोन्ही अंगांना धागे न सुटणारे मऊ कापड लावले आणि फीत त्यावरून अगदी हळू ओढून घेतली. पहिल्या कॅसेटीनंतर कापडावर करड्या रंगाचा जाड पट्टा उमटला होता. तो पाहिल्यावर घाई करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. स्वच्छ फीत नव्या कवचात बसवायची, जुन्या कवचावर काही लिहिलेले असल्यास त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि मगच ती व्हीसीआरमध्ये घालायची, असा क्रम ठरला.

व्हीसीआर मिळवणे हे स्वतंत्र प्रकरण होते. नवी यंत्रे जगात कोठेही तयार होत नाहीत. शेवटच्या जपानी उत्पादकाने २०१६ मध्ये हात टेकले. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार फिरून तीन यंत्रे मिळाली, त्यांतील एक चालू निघाले आणि दुसरे त्याच्या सुट्या भागांसाठी उपयोगी पडले. तिसऱ्याबद्दल न बोललेले बरे.

संगणकावर उतरवण्याचे काम एका तरुण अभियंत्याने केले, आणि चेंडू का दिसत नव्हता याचे उत्तर त्याने दिले. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषांनी, येते. म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. दुकानदाराच्या यंत्राने प्रत्येक जोडी एकत्र करून २५ चित्रे केली होती. भाषण किंवा लग्न असते तर फरक कळला नसता. हॉकीत मात्र हिट मारलेला चेंडू दोन अर्ध्या भागांच्या मधल्या काळात कितीतरी पुढे गेलेला असतो, त्यामुळे त्या मिश्रणात तो पुसटशी रेघ होऊन जातो. अभियंत्याने मूळ प्रत कोणताही अंश न गाळणाऱ्या एफएफव्ही१ पद्धतीने साठवली, तासाला पंचवीस-तीस जीबी जागा गेली तरी चालेल असे ठरवले, आणि पाहण्याची प्रत सेकंदाला ५० चित्रांची केली. चेंडू परत आला.

पुढचा निर्णय चुकला, आणि तो आम्ही एकमताने घेतला होता. पाहण्याच्या प्रतीतून सुरुवातीची निवेदने, मध्यंतर, जाहिराती आणि शेवटानंतरचे सर्व काही काढून टाकायचे, असे ठरले. त्या काळी सामना पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा असे आणि तीन तासांच्या कॅसेटीवर काकांनी बहुधा दोन सामने बसवलेले असत. उरलेल्या जागेत जे आले ते आम्ही भरताड समजलो. मूळ प्रती राखल्या होत्या, एवढेच आमचे नशीब.

कोणती कॅसेट कोणत्या सालची, हे ओळखण्याचे काम निवृत्त पंचांकडे आले आणि ते त्यांनी ज्या रीतीने केले त्याला तोड नाही. धावफलकावर ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर सामना १९९० किंवा त्याआधीचा. एक आघाडीचा खेळाडू बचावफळीच्या मागे खुशाल उभा आहे आणि शिटी वाजत नाही, तर ऑफ-साइडचा नियम गेल्यानंतरचा, म्हणजे १९९६ किंवा त्यापुढचा. एकदा त्यांनी पंचाचा हात वर गेलेला पाहून टीव्हीसमोरच्या खुर्चीतूनच आपला हात वर केला आणि मग ओशाळून खाली घेतला.

काम अर्ध्यावर आले असताना कन्येला वडिलांच्या कपाटात एक लांबट वही सापडली. कॅसेट क्रमांक, तारीख, सामना, गुण आणि शेवटी एका शब्दाचा शेरा असे रकाने होते. ब्याण्णव नोंदी होत्या. आमच्याकडे दुकानात गेलेल्या सात धरून अडुसष्ट कॅसेटींचा हिशोब लागला. बाकीच्या बहुधा मित्रांनी नेल्या आणि परत केल्या नाहीत. आणि ‘ब्याऐंशी’चा उलगडाही तेथेच झाला. तो कॅसेटीचा अनुक्रमांक होता. क्रमांक ८२ वर नव्वदच्या दशकातील परदेशातला एक साखळी सामना होता. दिल्लीची फायनल झाली तेव्हा काकांच्या घरी व्हीसीआरच नव्हता, हे वर्षांचे साधे गणित आम्हा कोणालाच सुचले नव्हते. पंच बराच वेळ वही चाळत राहिले. ‘पण मी पाहिली होती,’ एवढेच ते म्हणाले.

निष्पत्ती

दुकानात गेलेल्या वगळता उरलेल्या एकसष्ट कॅसेटींपैकी अठ्ठावन्न पूर्ण उतरल्या, दोन अर्धवट आणि एकीची फीत दोन ठिकाणी तुटून निकामी झाली. जानेवारीत पंचांच्या घरी वीस-बावीस जण जमले. तिकीट नाही, जाहिरात नाही, निमंत्रण तोंडी. आधी आम्ही कापलेली प्रत लावली. सोल ऑलिंपिकमधील, म्हणजे १९८८ चा एक सामना होता. पंधरा-वीस मिनिटे सर्वांनी मन लावून पाहिला, मग हळूहळू आपसांत बोलणे सुरू झाले, कोणी चहाकडे वळले. निकाल सर्वांना ठाऊक होता. भारत त्या स्पर्धेत सहावा आला.

त्या वेळी कन्या पडद्याजवळ जाऊन उभी होती. त्यांच्या घरी १९९० पर्यंत कृष्णधवल टीव्ही होता. व्हीसीआर मात्र आलेला संकेत रंगांसकट फितीवर घेत होता. ते रंग दाखवायला घरात पडदाच नव्हता. ‘हे टर्फ एवढं हिरवं होतं?’ तिने विचारले. नंतर कधी बाबांनी लावून पाहिले असेल ना, असे कोणीतरी म्हटले, तर ती म्हणाली, ‘नाही, हरलेला सामना ते परत लावत नसत.’ वहीत त्या कॅसेटीसमोरचा शेरा होता: ‘असो.’

दुसरी फाइल लावताना अभियंत्याकडून चूक झाली आणि न कापलेली मूळ प्रत सुरू झाली. फीत संध्याकाळची होती. पडद्यावर मुंबई केंद्राची निवेदिका आली आणि तिने शांतपणे मराठीत सांगितले की हॉकी सामन्याच्या प्रक्षेपणामुळे आज ठरलेला कार्यक्रम दाखवता येणार नाही. खोलीतील बोलणे थांबले. मग एका साबणाची जाहिरात, मग व्यत्ययाची पाटी, जी तब्बल चार मिनिटे हलली नाही, आणि ती चार मिनिटे बावीस माणसे एका स्थिर पाटीकडे बघत बसली. कोणीतरी म्हणाले, ‘आता आई म्हणेल, बंद कर तो डबा.’ सामन्यात जे घडले ते पुस्तकांत आणि वृत्तपत्रांच्या फायलींत सापडते. त्याच्या अवतीभवतीचे हे जे होते त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेच नाही, आणि तेच आम्ही कात्रीखाली घातले होते. दुसऱ्या दिवसापासून पाहण्याच्या प्रती अखंड ठेवायचे ठरले. गंमत अशी की १९९० नंतर काकांच्या हाती रिमोट आला आणि ते जाहिराती लागल्या की मुद्रण थांबवू लागले. त्या काळातील नेटक्या कॅसेटींना मंडळात सर्वांत कमी मागणी आहे, एक अपवाद सोडून: बँकॉकच्या १९९८ च्या एशियाडचा अंतिम सामना, ज्यात धनराज कर्णधार होते आणि टायब्रेकरवर आशिष बल्लाळ यांनी कोरियाचे फटके अडवून बत्तीस वर्षांनी सुवर्ण मिळवून दिले. त्या सामन्याला खडकीत जाहिराती लागत नाहीत.

अखंड प्रती ठेवायच्या म्हटल्यावर एक नवा पेच आला, ज्याचा आधी कोणी विचार केला नव्हता. दोन कॅसेटींच्या शेवटी ‘आपण यांना पाहिलंत का?’ आहे. त्यात खऱ्या माणसांची नावे, वये, छायाचित्रे, अंगावरील खुणा आणि घरचे पत्ते आहेत. ती माणसे परतली की नाहीत हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. मूळ प्रतीत हा भाग राहील, परंतु मंडळाच्या सभासदांना दिल्या जाणाऱ्या कोणत्याही प्रतीत तो नसेल, असा निर्णय झाला. त्याला विरोध झाला नाही, फक्त एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवले की तेथे नुसती काळी चौकट न ठेवता किती मिनिटांचा कोणता भाग काढला हे लिहावे. ते आम्ही केले.

आठवणींची पडताळणी हा अनपेक्षित लाभ झाला, जरी तो सर्वांना सुखाचा वाटला असे नाही. अनेकांना टीव्हीवर हॉकीचे समालोचन मराठीत ऐकल्याचे पक्के आठवत होते. आमच्या एकाही कॅसेटीत तसे नाही. समालोचक आळीपाळीने हिंदी आणि इंग्रजी बोलतात आणि मराठी येते ती स्टुडिओतून, सामन्याच्या आधी किंवा नंतर. माझा अंदाज असा की आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्यांनी क्रिकेटचे मराठी समालोचन ज्या गोडीने केले, तो आवाज लोकांच्या मनात हॉकीच्या चित्रावर जाऊन बसला असावा.

उत्साही सभासदाने मात्र बैठकीनंतर आठवड्याभरात एक तुकडा इंटरनेटवर चढवलाच. दोन दिवसांत त्याचा आवाज बंद झाला, कारण मध्यंतराच्या जाहिरातीतील चित्रपटगीत संकेतस्थळाच्या यंत्रणेने ओळखले. त्याने तो काढून टाकला. त्यावरून मंडळात झालेली वादावादी मात्र दोन महिने पुरली.

वेगळे काय करता आले असते

वही आधी शोधायला हवी होती. तीस वर्षे शिस्तीने मुद्रण करणाऱ्या माणसाने नोंद ठेवली असणार, हे कोणाच्याही लक्षात यायला हवे होते. आम्ही कॅसेटींपाशी अडकलो आणि माणसाच्या सवयींचा विचार केला नाही. पहिल्या दिवशी कन्येला ‘बाबा लिहून ठेवत का?’ एवढे विचारले असते तर ब्याऐंशीच्या फायनलच्या आशेवर गेलेले सहा रविवार वाचले असते. अर्थात त्या आशेशिवाय इतके हात कामाला मिळाले असते का, हे मला सांगता येणार नाही.

प्रसारण संस्थेला पत्र पाठवण्यात आम्ही उगाच दिरंगाई केली. सूची पूर्ण झाल्याशिवाय काय लिहिणार, अशी माझी भूमिका होती. ती चुकीची होती. कोणत्या वर्षांचे, कोणत्या केंद्राचे, किती तासांचे मुद्रण हाती आहे, एवढ्या चार ओळी पहिल्या महिन्यात पाठवता आल्या असत्या, आणि मग काय दाखवावे व काय नाही हा वाद सभासदांनी आपसांत अंदाजाने घालण्याऐवजी एखाद्या उत्तराच्या आधारे घातला असता. पत्र अखेर सूचीसह गेले आहे.

कापण्याच्या निर्णयाबद्दल मंडळात अजून दोन मते आहेत. काही जुन्या खेळाडूंना खरोखरच फक्त खेळ हवा असतो आणि त्यांच्यासाठी छोट्या प्रती केल्या तर बिघडत नाही, असे अभियंत्याचे म्हणणे आहे. मला त्यात गैर वाटत नाही, परंतु छोटी प्रत अखंड प्रतीच्या आधी तयार होऊ नये, हा क्रम आता ठरवून लिहून ठेवला आहे. दुकानदाराने जे केले आणि आम्ही जे केले त्यात फरक एवढाच होता की त्याने मूळ फीत टाकून दिली आणि आम्ही ती ठेवली. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही.

त्या सात कॅसेटींच्या नोंदी वहीत आहेत. सहा सामने परदेशातील स्पर्धांचे होते आणि ते चकतीवर, पुसट चेंडूसह का होईना, आहेत. सातव्या नोंदीत मुंबईतील एका स्थानिक स्पर्धेचा उपांत्य सामना, मुंबई केंद्र, आणि त्यापुढे ‘नंतर स्टुडिओत खेळाडूंशी गप्पा, पूर्ण’ असे काकांच्या बारीक अक्षरात लिहिले आहे. चकतीवर सामना आहे. शेवटची शिटी वाजते, दोन्ही संघ हस्तांदोलन करू लागतात, कॅमेरा स्टुडिओकडे वळण्यापूर्वीचा अर्धा सेकंद दिसतो आणि चित्र संपते.